रेकॉर्डी दादाकडे, कव्हरे इम्रानकडे

गेल्या नोव्हेंबरमध्ये एका रविवारी दुपारी आबिड्सच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या रांगेत, रेकॉर्डींची रिकामी कव्हरे विक्रीला आली. आत रेकॉर्डी नव्हत्या. प्रत्येक कव्हराच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि चिठ्ठीवरचा मजकूर मराठीत होता. हस्ताक्षर माझ्या भावाचे होते.

विक्रेता स्पर्धा परीक्षांच्या गाइडांशेजारी बसला होता. आतला माल कुठे आहे, असे मी त्याला विचारले.

"अंदर कुछ नै मैडम, खाली कवर हैं. दीवार पे लगाने के वास्ते लेते लोगाँ. कॉफी शॉपवाले तो ढेर उठा लेते."

"किसने दिए?"

"कोठी में इम्रानभाई हैं ना, स्पीकराँवाले. और भी हैं बोले उनके पास. अगले हफ्ते लातूं."

मी वरचे एक कव्हर उचलले. काळ्यावर एक करडा चौकोन, त्याखाली बारीक अक्षरांत नाव, बाकी काही नाही. चिठ्ठीवर लिहिले होते: 'पहिली दोन मिनिटं गिरणी. मग गिरणी बंद. मग पुन्हा गिरणी, पण आता दळण ओलं. वाजवावी. जपून.' कव्हराला अजून खळीचा आंबूस वास होता.

माझा भाऊ मिलिंद डीजे होता. वरातीतला नव्हे. टेक्नो, हाउस या नावांनी ओळखले जाणारे, यंत्रांवर रचलेले आणि बहुधा गायक नसलेले संगीत तो वाजवत असे, आणि ते मोठ्या काळ्या रेकॉर्डींवरूनच वाजवत असे. रेकॉर्डी त्याने आणि त्याचा मित्र इम्रान याने मिळून जमवल्या. समीक्षा दादाने लिहिल्या. पुढे दोघांचे फाटले. रेकॉर्डी दादाकडे गेल्या, कव्हरे इम्रानकडे. तेव्हापासून दोघे बोललेले नाहीत. भांडणाचे कारण दोघांनी मला वेगवेगळे सांगितले आहे. दोन्हींपैकी एकही पडताळता आले नाही, आणि मी वर्तमानपत्रात काम करते, म्हणून इथे देत नाही.

कोठीच्या बाजारात इम्रानच्या वडिलांचे बॅटरीचे दुकान होते आणि दुकानावर एक खोली होती. जिन्यात बॅटरीतल्या आम्लाचा वास असे. तो घशात बसे आणि घरी गेल्यावर पहिल्या घासाला आंबट चव देई. शेजारी दवाखाना होता. खिडकी उघडी ठेवली की स्पिरिटचा वास आणि कंपाउंडरची हाक आत येई. तो रोग्यांची नावे अशी पुकारी की जणू सगळ्यांनी त्याचे काही बिघडवले आहे. रविवारी दवाखाना बंद, दुकान बंद, रस्ताही अर्धा बंद. त्या दिवशी खोली उघडायची.

आम्ही सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील परभणीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आले होते. क्वार्टरांच्या मैदानात वर्षातून एकदा जयंतीची मिरवणूक निघे. निळे झेंडे, ट्रकवर बांधलेले स्पीकर, सरबताची पिंपे. दादाला त्यातली गाणी पाठ होती, पण एक गाणे संपून दुसरे सुरू होईपर्यंतची फट त्याला सहन होत नसे. एका वर्षी त्याने दोन यंत्रे जोडून ती फट बुजवली. मिरवणूक थांबलीच नाही. म्हातारी माणसे दमली. वडील ट्रकपाशी जाऊन ओरडले, "अरे शब्द ऐकू येऊ दे! बाबासाहेबांचं गाणं आहे ते, दम खाऊ दे लोकांना!" ट्रकची बॅटरी इम्रानच्या दुकानातली होती आणि ती सांभाळायला इम्रान आला होता. तो दादाला म्हणाला, "क्या जोड़ मारा रे! फिर से मार." ओळख एवढ्यावरच झाली.

रेकॉर्डींचा हंगाम डिसेंबरात येई. जर्मनीत, इंग्लंडात कामाला गेलेले सॉफ्टवेअरवाले सुट्टीवर परतत. त्यांत पुण्यामुंबईचे बरेच असत. दादाने त्यांना आधी चिठ्ठ्या पाठवलेल्या असत. स्वेटरांच्या घड्यांमध्ये ठेवलेल्या रेकॉर्डी बाहेर निघत. त्यांना परक्या घराचा, थंड साबणाचा वास असे. पुण्याच्या एका गृहस्थांनी पिशवी देताना विचारले होते, "अहो, पण हे इथे ऐकतं कोण?" दादा म्हणाला, "तुम्ही आणायचं थांबवा, मग कळेल." त्यांनी खरोखरच थांबवले. काही रेकॉर्डी पार्सलाने येत आणि आबिड्सच्या पोस्टात उघडल्या जात. तिथल्या कारकुनाने एकदा विचारले, "गाना है? तो गानेवाला कौन?" गाणारा नाही, म्हटल्यावर तो बराच वेळ रेकॉर्डीकडे आणि मग दादाकडे बघत राहिला. "गानेवाला नै, तो गाना कैसा?"

घरी आईचेही तेच म्हणणे होते. "शब्द नाहीत, सूर नाही, नुसतं कुणीतरी दार वाजवतंय. उघडा तरी, नाहीतर हाकला तरी."

मे महिन्यात रेकॉर्डी वाकत. पंख्याखाली, ओल्या गोणपाटाच्या खिडकीशी त्या काचांच्या दोन तावदानांत दाबून ठेवाव्या लागत. जुलैत कव्हरांवर बुरशी धरे, त्यासाठी कडुलिंबाचा पाला. धुण्याचा दिवस ऑक्टोबरात. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी फेस काढून टाकायचा, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने रेकॉर्ड पुसायची, ती नेहमी रेघांच्या दिशेने, आडवी कधीच नाही. वाळवण्यासाठी दादाने घरातले ताटाळे उचलून नेले. आई चार दिवस बोलत होती. "माझी ताटं ओट्यावर आणि ह्याच्या थाळ्या ताटाळ्यात!" गच्चीवर उन्हात उभ्या रेकॉर्डी, खालून कोठीचा गलका. रिठ्याचा तो कडवट, स्वच्छ वास मला नंतर कुठेही मिळाला नाही.

धुऊन वाळलेल्या रेकॉर्डीवर खाकी कागद लागे. शाळेच्या वह्यांना घालतात तो. डीजेंमध्ये ही जुनी चाल आहे. रेकॉर्ड वाजत असताना दुसरे डीजे येऊन मान वाकडी करून तिच्या मधले नाव वाचतात, पुढच्या महिन्यात तीच रेकॉर्ड मागवतात आणि शोध आपला म्हणून मिरवतात. म्हणून नाव झाकायचे. दादा आणि इम्रान यांनी झाकण्याची हद्द केली. खाकी गोल ते मुद्दाम मोठा कापत, म्हणजे मधल्या लेबलाबाहेर कोरलेली बारीक अक्षरेही खाली जात. खळ कणकेची, तीत मोरचूद, म्हणजे किडा लागत नाही. तो कागद सोलायला गेले की लेबलही त्याच्याबरोबर निघून येई. नाव मग फक्त कव्हरावर उरे.

इम्रानचे म्हणणे होते की खाकी कागदावर निदान नंबर टाकावा.

"नक्को," दादा म्हणाला. "नंबर पढ़ा की कान सो जाता."

"और भूल गए तो?"

"तू भूल. मैं नै भूलता."

ऐकण्याचा कायदा असा होता: कव्हर पालथे ठेवायचे. कोणाची रेकॉर्ड, कुठल्या देशातली, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ऐकून झाल्यावर दादा चिठ्ठी लिही. ती मराठीत, कारण क्लबांतल्या इतर डीजेंना मराठी वाचता येत नसे. इम्रानलाही येत नसे. त्याला दादा तोंडी सांगे आणि इम्रान ते इंग्रजीत उतरवून त्यांच्या वेबसाइटवर टाके. बेंगळुरूचे, मुंबईचे डीजे ते वाचत आणि चिडत. दादाच्या समीक्षा बहुतेक वाईटच असत. 'हा माणूस घरी एकटा राहतो आणि ते बरंच आहे.' 'ढोल कोरडा. वाजवणाऱ्याला घाई, नाचणाऱ्याला नाही.' 'भिकार. पुन्हा ऐकली. भिकारच, पण डोक्यातून उतरत नाही. ठेवावी.' इम्रान भाषांतर करताना शिव्या कमी करी. दादाला ते कळे. तो स्क्रीनवर बोट ठेवून म्हणे, "यहाँ मैं और गंदा बोला था."

एखादी रेकॉर्ड दोघांनाही आधी वाजवायची असली की 'पहचान' होई. दोघे भिंतीकडे तोंड करून बसत. तिसऱ्याने ढिगातली कोणतीही रेकॉर्ड लावायची आणि सुई कुठेही मधे ठेवायची. जो आधी नाव सांगेल त्याचा तो आठवडा. तिसरी मी असे. मला त्या संगीतातले काही कळत नसल्याने माझ्यावर दोघांचा विश्वास होता. दादा बहुतेक वेळा सुई टेकल्या टेकल्या बोले. इम्रान भिंतीवर हात आपटून म्हणे, "अरे साँस तो लेने दे रेकॉर्ड को!" पण इम्रानही हरत नसे. त्याला वेळ लागे, इतकेच. तो डोळे मिटे, मान खाली घाली, आणि बराच वेळ गेल्यावर बरोबर सांगे.

वाटणी दिवसाउजेडी झाली, खाली दुकान चालू असताना. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. इम्रान म्हणत होता की अर्ध्या रेकॉर्डी त्याच्या. दादा म्हणत होता की इम्रानला त्यातल्या अर्ध्या ओळखताही येणार नाहीत.

"तू कवर देख के बोलता," दादा म्हणाला. "रेकॉर्ड मतलब आवाज. बाकी सब कागज है."

इम्रान उठला. "हौ? कागज है?"

"कागज है."

"तो कागज मेरेकु दे. पूरा. आवाज तू लेके जा, तेरेकु मुबारक."

इतकी वर्षे कव्हर पालथे ठेवायला शिकवणारा माणूस आता कव्हर मागू शकत नव्हता. दादाने एकेक रेकॉर्ड बाहेर काढली आणि रिकामे कव्हर इम्रानच्या पायाशी टाकले. पुठ्ठ्यातून रेकॉर्ड निघताना एक लांब, कोरडा आवाज होतो. तो बराच वेळ येत राहिला. रेकॉर्डी वर्तमानपत्रांच्या पानांत गुंडाळून, दोन लोखंडी ट्रंकांत भरून आम्ही ऑटोने सिकंदराबादला आणल्या. वाटेत दादा एकदाच बोलला. "आता तो भिंतीला लावेल. त्याला तेवढंच जमतं."

काही वर्षे दादाचे ते 'बाकी सब कागज' खरेही ठरले. त्याला नावे लागली नाहीत. ट्रंक उघडून तो कोणतीही रेकॉर्ड लावी आणि ती कोणती हे त्याला पहिल्या फेऱ्यातच माहीत असे. मग त्याचे कान गेले. आधी वरचे बारीक आवाज गेले, मग पक्षी, मग कुकरची शिट्टी, मग माणसे. डॉक्टरांनी कारण सांगितले: इतकी वर्षे स्पीकरांपाशी उभे राहणे. आता उजव्या कानाला काहीच येत नाही. डाव्या कानाला समोरच्याचे बोलणे थोडे येते, तेही ओठ दिसले तर. तो एका गोदामात नोकरी करतो आणि हे घराबाहेर त्याने कुणाला सांगितलेले नाही. रेकॉर्डी अजून लावतो. स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवून बसतो. काही ओळखतो. पण तळहाताला सगळ्या गिरण्या सारख्याच. ट्रंकांतल्या बऱ्याच रेकॉर्डी आता त्याला नुसत्या काळ्या थाळ्या आहेत.

त्या रविवारी मी आबिड्सहून आणलेले कव्हर त्याच्यापुढे ठेवले. त्याने सवयीने आधी ते पालथे केले. मग उलटवले आणि चिठ्ठी वाचली.

"ही कुठली?"

"तूच लिहिलंयस."

"लिहिलंय मीच. रेकॉर्ड कुठली?" तो उठला, ट्रंक उघडली, एकेक रेकॉर्ड काढून खिडकीच्या उजेडात तिरपी धरून रेघा बघू लागला. बराच वेळ बघितले. सापडली नाही. ट्रंक बंद करून तो माझ्यासमोर येऊन बसला. "तो विकतोय?"

"विकतोय. फुटपाथवर."

"विकू दे."

जेवताना त्याने ताटातून मान वर केली. "किती राहिलीत, विचार त्याला. माझ्या कानाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. त्याला कळलं, तर कव्हरं जाऊ देत आणि रेकॉर्डीही जाऊ देत."

मी कोठीला गेले. बॅटरीचे दुकान आता स्पीकरांचे आहे. वरातींना लागणारे माणसाएवढे खोके दारातच उभे होते. इम्रान स्टुलावर बसून तारा सोलत होता. दाढी पांढरी झाली होती.

"अरे छोटी! अखबार बंद पड़ गया क्या, इधर कैसे?"

"कव्हर क्यों बेच रहे?"

"कागज है ना? उस्तादिच बोले थे. रद्दी में तो नै डाला मैं. आबिड्स में डाला, इज्जत से." त्याने तार दाताने तोडली. "खुद नै आए? पाँव में मेहंदी लगी क्या?"

"कितने बचे हैं?"

त्याने मागच्या फळीकडे हात केला. प्लास्टिकच्या दोन क्रेटमध्ये कव्हरे उभी होती. काहींच्या कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या.

"मँगता तो आके पहचान लेना बोल. पुराना कायदा. रेकॉर्डाँ लाना, सुई तू रखना. जित्ते पहचाना उत्ते कवर ले जाना. नै पहचाना, वो आबिड्स जाते. बोल तेरे भाई को. कान तो हैं ना उनके? जुबान जैसेइच तेज?"

मी हो म्हटले.

दादाला मी निरोप सांगितला. त्याने पूर्ण ऐकून घेतला, म्हणजे माझ्या ओठांवरून वाचला. "येतो म्हणून सांग."

"दादा, तिथं रस्त्याचा आवाज, वरून तो..."

"मला आवाजाचं काय? मी तोंडाकडे बघतो. त्याचं तोंड मला पाठ आहे."

पुढच्या शुक्रवारी दुपारी आम्ही दोन्ही ट्रंका घेऊन कोठीला उतरलो. दुकानाचे शटर अर्धे खाली होते. आत टेबलावर खोलीतलाच जुना रेकॉर्ड प्लेअर, शेजारी अँप्लिफायर, आणि जमिनीवर वरातीचा एक खोका. बाहेर बस, ऑटो, फळवाल्यांच्या हाका. इम्रान उठला नाही.

"आओ उस्ताद. कागज लेने आए?"

"कागजिच है," दादा म्हणाला. "रद्दीवाले के पास आया."

इम्रानने ओठ दाबले. दादा खोक्याशेजारच्या खुर्चीवर बसला आणि हात सहज टाकल्यासारखा खोक्यावर टाकला. मी पहिली रेकॉर्ड लावली. खोका घुमला, शटर थरथरले. दादाने काही वेळाने नाव सांगितले. इम्रान मान खाली घालून ऐकत होता.

"बराबर." त्याने क्रेटमधून ते कव्हर शोधून टेबलावर आपटले.

दुसरी, तिसरी, चौथी. दादा पूर्वीसारखा सुई टेकताच बोलत नव्हता. आता वेळ त्याला लागत होता. इम्रानने दोनदा त्याच्याकडे बघितले. मग त्याची नजर खोक्यावरच्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली.

"हाथ निकाल."

दादा त्याच्या ओठांकडेच बघत होता. "कैकू?"

"हाथ निकाल बोला. कान से पहचानते थे ना तुम? हाथ का क्या काम इसमें?"

दादाने हात उचलून मांडीवर ठेवला. मी पुढची रेकॉर्ड लावली. तो आता फिरणाऱ्या रेघांकडे बघत होता आणि ठेक्याला मान हलवत होता, जशी तो क्लबात हलवत असे. इम्रान त्याच्या मानेकडे बघत राहिला. मग त्याने अँप्लिफायरवर हात ठेवला आणि आवाजाचे बटण हळूहळू मागे फिरवले. शून्यापर्यंत. खोका बंद झाला. रस्त्याचा गलका आत आला. सुईचा स्वतःचा बारीक आवाज तेवढा येत होता, कानाशी डास आल्यासारखा.

दादाची मान हलत होती.

त्याने नाव सांगितले. इम्रानने माझ्याकडे बघितले. मी प्लेअरकडे बघत होते.

"बराबर," इम्रान म्हणाला आणि कव्हर टेबलावर आपटले.

त्यानंतर बटण शून्यावरच राहिले. मी सुई ठेवत होते, दादा नावे सांगत होता, इम्रान सुईवर वाकून, डोळे मिटून थांबत होता आणि प्रत्येक वेळी "बराबर" म्हणत होता. प्रत्येक वेळी कव्हर आधीपेक्षा जोरात आपटत होता. त्यांतली किती नावे खरोखर बरोबर होती, हे मला सांगता येत नाही. खाकी कागदाखाली काय आहे, हे तिथे तिघांपैकी कुणालाच दिसत नव्हते.

ज्यांची कव्हरे आबिड्सला गेली होती, त्या रेकॉर्डी बाजूला पडल्या होत्या. शेवटी दोन रेकॉर्डी आणि दोन कव्हरे उरली. एका रेकॉर्डीच्या रेघांच्या मधोमध रुंद, गुळगुळीत, चकाकणारा पट्टा होता. ती फिरू लागली तशी दादाने तिच्याकडे बघून मान हलवली आणि लगेच नाव सांगितले.

इम्रानने डोळे उघडले. त्याने आधी पट्ट्याकडे बघितले, मग दादाकडे.

"बराबर."

त्याने कव्हर टाकले. मी शेवटची रेकॉर्ड उचलली. दादाने हाताने थांबवले. "नक्को. वो एक तेरे पास रख. दीवार पे लगा."

"मेरी दीवाराँ भर गईं," इम्रान म्हणाला. "निकलो अब. गिऱ्हाइकाँ का टाइम है."

त्याने शटर वर ढकलले. ट्रंका आम्ही दोघांनीच ऑटोत चढवल्या. तो तारा सोलत बसला होता.

ऑटोने कोठीचा चौक ओलांडला. दादा माझ्याकडे वळला. हल्ली तो स्वतःचा आवाज कळत नसल्याने मोठ्याने बोलतो. ऑटोवाल्याने मागे वळून पाहिले.

"शेवटून दुसरी बघितलीस? मधे पट्टा असलेली? तिथं संगीत थांबतं, म्हणून तो पट्टा. तशी एकच आहे आपल्याकडे, डोळे बांधले तरी चुकणार नाही. मी मुद्दाम दुसरीचं नाव सांगितलं." तो हसला. "तरी म्हणाला, बराबर. कान गेले त्याचे. साफ गेले. दिवसभर वरातीचे खोके, दुसरं काय होणार? दाखवत नाही एवढंच."

मी मान हलवली.

घरी आल्यावर त्याने रेकॉर्डी कव्हरांत घातल्या. प्रत्येक कव्हराची चिठ्ठी आधी वाचली, मग रेकॉर्ड आत सरकवली. पट्ट्याची रेकॉर्ड दुसरीच्या कव्हरात आहे. ती दुसरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. पट्ट्याच्या रेकॉर्डीचे खरे कव्हर इम्रानच्या दुकानात आहे. हे लिहीपर्यंत ते मागायला कोणी गेलेले नाही, आणि ते विक्रीलाही आलेले नाही.